पडद्यावर नुसते ‘ए’: जुन्या आर्केड बोर्डाचा बिघाड कसा शोधावा

बोर्डाला सप्लाय दिला आणि पडद्यावर जिथे काळी मोकळी जागा असायला हवी होती, तिथे सगळीकडे इंग्रजी ‘ए’ उमटला. ओळीच्या ओळी, वरपासून खालपर्यंत. चक्रव्यूहाच्या भिंती जागोजाग विस्कटलेल्या. पण त्या गोंधळातही भुते फिरत होती, आवाज येत होता, नाण्याचा स्विच दाबला की क्रेडिट वाढत होते. बोर्ड पॅक-मॅन या चक्रव्यूहाच्या आर्केड खेळाचा होता. ज्यांनी तो माझ्याकडे आणला त्यांनी ‘रॅम गेली असणार’ म्हणून दोन चिपा आधीच बदलून पाहिल्या होत्या. त्या काढताना एक ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, उखडला होता. रॅम मात्र गेलेलीच नव्हती.

रॅम ठीक आहे हे कुठलाही मीटर न लावता, नुसत्या पडद्याकडे बघून कळण्यासारखे होते. कसे, ते पुढे येईलच. आधी एवढेच सांगतो, की या लेखातली प्रत्येक पायरी एका आग्रहातून आली आहे: पुरावा हातात आल्याशिवाय बोर्डावरची एकही चिप काढायची नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बोर्डावर ट्रॅक आणि फायबर यांना धरून ठेवणारा चिकटा म्हातारा झालेला असतो. प्रत्येक अनावश्यक डिसोल्डरिंगमध्ये बोर्डाचे थोडे आयुष्य जाते.

उदाहरणासाठी मी पॅक-मॅनच घेतो. नामकोने तो १९८० मध्ये जपानमध्ये आणला, तोरू इवातानी त्याचे रचनाकार, आणि अमेरिकेत मिडवेने तो बनवून विकला. झेड-८० प्रोसेसर, चार किलोबाइटच्या चार प्रोग्राम रॉम, २११४ जातीची रॅम आणि बाकी बहुतेक ७४ मालिकेतल्या साध्या चिपा. त्या काळातल्या किती तरी बोर्डांचा सांगाडा असाच आहे, त्यामुळे एक नीट समजला की गॅलेक्सियनसारखे दुसरे परके वाटत नाहीत.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जे बोर्ड होते, म्हणजे स्ट्रीट फायटर किंवा सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणत तो कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, ते नंतरच्या पिढीचे. त्यांचा कनेक्टर १९८५ च्या जामा प्रमाणानुसार ५६ पायांचा. पॅक-मॅनचा ४४ पायांचा आणि त्याची वायरिंग पूर्ण वेगळी. जामाच्या हार्नेसमध्ये (कॅबिनेटमधल्या वायरींच्या जुडग्यात) जामा नसलेला बोर्ड कधीही खुपसू नका. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले तर एका क्षणात अर्धा बोर्ड जातो.

टेबलावर काय लागेल

चांगला डिजिटल मल्टिमीटर आणि लॉजिक प्रोब (चिपेच्या पायावरचा सिग्नल हाय म्हणजे एक, लो म्हणजे शून्य, की सतत बदलता म्हणजे पल्स, हे दिव्याने दाखवणारी काडी) एवढ्यावर निम्म्याहून जास्त बोर्ड दुरुस्त होतात. लॉजिक प्रोब फार महाग नसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, वीस मेगाहर्ट्झचा जुना अॅनालॉगही पुरतो. रॉम वाचायला एक प्रोग्रामर, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, फ्लक्स, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक कटर. आणि सर्किट डायग्राम. डायग्रामशिवाय सुरुवात करू नका. पॅक-मॅनचा डायग्राम सहज मिळतो, आणि जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या मेम या इम्युलेटरच्या सोर्स कोडमध्ये कोणती मेमरी कुठल्या पत्त्यावर आहे हे लिहिलेले असते. १९९७ मध्ये मेम सुरू झाला तो पॅक-मॅनच्याच जातीच्या हार्डवेअरपासून. त्यामुळे या बोर्डाविषयीची ही माहिती फार पक्की आहे.

मॉनिटरबद्दल एक गंभीर सूचना. कॅबिनेटमधला पिक्चर ट्यूबचा मॉनिटर उघडा ठेवून बोर्डावर काम करू नका. १९ इंची रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. टेबलावर सीजीए सिग्नल घेऊन व्हीजीए देणारा कन्व्हर्टर आणि साधा एलसीडी वापरा. पॅक-मॅनच्या चित्राचा आडवा वेग १६ किलोहर्ट्झ आहे. कॉम्प्युटरचे मॉनिटर तो थेट पकडत नाहीत, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवा. नाहीतर बोर्ड चांगला असून चित्र नाही म्हणून बसाल.

पहिली पायरी: डोळे, बोटे आणि खोडरबर

सप्लाय देण्याआधी उजेडात बोर्ड नीट बघा. जळलेली जागा, फुगलेला कॅपॅसिटर, हिरवा गंज, बेसमध्ये (चिप खोचायच्या खोबणीत) वाकून आत दुमडलेला पाय, आधीच्या कुणाच्या सोल्डरिंगमधला उडालेला थेंब, सगळे टिपून ठेवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काढा. चिप काढल्यावर खाच कुठल्या बाजूला होती हे हमखास विसरते.

आधीच्या दुरुस्तीच्या जागा सगळ्यात संशयित धरा. मूळ कारखान्यातले सोल्डरिंग सहसा चांगले असते. नंतर घाईत केलेले नसते. माझ्याकडे आलेल्या त्या बोर्डाच्या दोन बदललेल्या रॅमखालचा उखडलेला ट्रॅक मी सगळ्यात आधी बारीक वायरने जोडून घेतला. एका बिघाडावर दुसरा बिघाड बसलेला असेल, तर पडदा जे सांगतो त्याचा अर्थ लागत नाही.

कनेक्टरची सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, मग अल्कोहोलने. सँडपेपर वापरू नका, सोन्याचा थर जातो. बेसमधल्या चिपा एकेक करून उचला, पाय काळे पडले असतील तर साफ करा आणि परत दाबून बसवा. हे कंटाळवाणे काम आहे, पण त्या काळातले स्वस्त बेस पायाला एकाच बाजूने पकडतात आणि सैल होतात. मिझ पॅक-मॅनच्या बोर्डात तर प्रोसेसरच्या बेसमधून पट्टीची केबल निघून छोट्या जोडबोर्डाकडे जाते. ती केबल आणि तिची दोन्ही टोके हा बिघाडाचा नेहमीचा अड्डा.

दुसरी पायरी: सप्लाय

आधी सप्लाय न देता पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. शेकड्यात आला तर ठीक, काही दहा आला तरी घाबरू नका. एका ओहमच्या आत आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बहुतेकदा टँटलम कॅपॅसिटर, कधी एखादी चिप.

पॅक-मॅनच्या बाबतीत एक गोष्ट माहीत नसेल तर माणूस फसतो. मूळ बोर्डाला पाच व्होल्ट डीसी बाहेरून मिळत नाही. ट्रान्सफॉर्मरमधून सात व्होल्ट एसी कनेक्टरवर येतो, आणि डायोड, मोठा कॅपॅसिटर आणि रेग्युलेटर बोर्डावरच बसून त्याचे पाच व्होल्ट बनवतात. म्हणून कनेक्टरच्या त्या पायांतून मोठा करंट जातो. संपर्क थोडा खराब झाला की तिथे उष्णता, उष्णतेने संपर्क आणखी खराब, आणि शेवटी पट्टी काळी-तपकिरी जळते. जळलेला कनेक्टर साफ करून परत वापरू नका. हार्नेसचा कनेक्टर नवा टाका, नाहीतर बोर्डाची बाजू कितीही सुधारा, महिन्याभरात तेच.

आता सप्लाय द्या आणि पाच व्होल्ट मोजा, पण कनेक्टरवर नाही, प्रत्यक्ष चिपांच्या पायांवर. झेड-८० चा ११ नंबरचा पाय पाच व्होल्ट, २९ नंबर ग्राउंड. तिथे ४.९ ते ५.१ मिळायला हवेत. मग बोर्डाच्या दूरच्या कोपऱ्यातली एखादी चिप मोजा. कनेक्टरजवळ पाच आणि कोपऱ्यात ४.६ असेल, तर तुमचा बिघाड ट्रॅक किंवा कनेक्टरमध्ये आहे आणि पुढचे सगळे तपासणे तूर्तास थांबवा. कमी व्होल्टेजवर बोर्ड जे काही करतो ते वेड्यासारखे असते, त्यावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष खोटा निघतो.

त्याच पायावर मीटर एसीवर ठेवून बघा. शंभर मिलिव्होल्टच्या वर तरंग असेल तर मोठा फिल्टर कॅपॅसिटर सुकला आहे असे समजा आणि बदलून टाका. ही एकच जागा आहे जिथे मी पुराव्यापेक्षा वयावर विश्वास ठेवतो. एवढा जुना इलेक्ट्रोलायटिक मी मोजत बसत नाही.

तिसरी पायरी: क्लॉक आणि रीसेट

पॅक-मॅनच्या क्रिस्टलवर १८.४३२ मेगाहर्ट्झ असतात. त्याला तीनने भागून पिक्सेलचा वेग ६.१४४ आणि सहाने भागून प्रोसेसरचा ३.०७२ मेगाहर्ट्झ मिळतो. झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर हा क्लॉक यायला हवा. लॉजिक प्रोबवर तो पल्स म्हणून दिसेल, पण स्कोप असेल तर त्याची उंचीही बघा. झेड-८० ला क्लॉकचा वरचा टप्पा जवळजवळ पूर्ण पाच व्होल्टपर्यंत लागतो, साध्या टीटीएलच्या, म्हणजे ७४ मालिकेतल्या चिपांच्या, साडेतीन व्होल्टवर तो समाधानी नसतो. म्हणून तिथे पुल-अपची, म्हणजे लाइन पाच व्होल्टकडे ओढण्याची, सोय असते, आणि ती तुटली की क्लॉक ‘आहे’ तरी प्रोसेसर अडखळतो.

क्लॉक मिळाला, मग २६ नंबर. हा रीसेट. सप्लाय दिल्यावर क्षणभर लो आणि मग कायम हाय, असे असायला हवे. तो जर सेकंदाला साधारण चार वेळा लो होत असेल, तर वॉचडॉग भुंकतो आहे. वॉचडॉग म्हणजे एक मोजणारी चिप: प्रोग्राम नीट चालत असेल तर तो ठरावीक पत्त्यावर लिहून ही मोजणी सतत शून्यावर आणतो. पॅक-मॅनमध्ये सोळा फ्रेम गेल्या आणि कुणी शून्य केले नाही, की ही चिप प्रोसेसरला रीसेट करते. चित्राचा वेग सेकंदाला ६०.६ फ्रेम, म्हणून सेकंदाला चार वेळा. पडद्यावर अर्थहीन चिन्हे येत-जात लुकलुकणे ही याची ओळख.

भुंकणारा वॉचडॉग हा बिघाड नव्हे, बातमी आहे. प्रोसेसरला प्रोग्राम चालवता येत नाही एवढेच तो सांगतो. कारण रॉम, रॅम, बस (त्यांना जोडणाऱ्या लाइनी) किंवा खुद्द प्रोसेसर यांपैकी कुणीही. तपास करताना तो मध्ये मध्ये रीसेट मारून त्रास देतो. अटारीच्या बऱ्याच बोर्डांवर तो बंद करण्यासाठी खूण करून ठेवलेली खुंटी असते. जिथे नाही तिथे डायग्राममध्ये त्याचा काउंटर शोधून तात्पुरता थोपवावा लागतो.

याउलट रीसेट पहिल्यापासून लोच राहिला, तर रीसेटचे सर्किटच बघा. एखादा रोध किंवा कॅपॅसिटर गेलेला सापडेल.

चौथी पायरी: प्रोसेसर श्वास घेतोय का

झेड-८० चे मोजकेच पाय बघायचे. २७ नंबर (एम-वन) प्रत्येक सूचना उचलताना पल्स देतो. तो स्तब्ध असेल तर प्रोसेसर काहीच करत नाही. १८ नंबर (हॉल्ट) लो असेल तर त्याने थांबण्याची सूचना वाचली, म्हणजे बहुधा चुकीचा डेटा वाचला. २४ नंबर (वेट) कायम लो असेल तर कुणीतरी त्याला थांबवून ठेवले आहे. पॅक-मॅनमध्ये व्हिडिओ रॅम प्रोसेसर आणि चित्र दोघांनाही लागते, आणि त्यांची पाळी लावायला नामकोची एक खास चिप असते. वेट अडकला असेल तर मी आधी तिचा बेस साफ करतो. अनेकदा तेवढ्यानेच काम होते.

इथेही काही कळले नाही तर नोप परीक्षा. मला ही परीक्षा फार आवडते, कारण ती रॉम-रॅम सगळ्यांना बाजूला काढून थेट प्रोसेसरला प्रश्न विचारते. झेड-८० च्या भाषेत शून्य या सूचनेचा अर्थ ‘काही करू नको, पुढे जा’. एक चांगला ४० पायांचा बेस घ्या. त्याचे डेटाचे आठ पाय, म्हणजे ७, ८, ९, १०, १२, १३, १४ आणि १५, खालून कापा, म्हणजे ते बोर्डाला लागणार नाहीत. वरून ते एकमेकांना जोडून ग्राउंडला, म्हणजे २९ ला, जोडा. प्रोसेसर या बेसमध्ये आणि बेस बोर्डावर. आता प्रोसेसरला जिथे बघावे तिथे शून्यच दिसते, आणि तो पत्ते शून्यापासून शेवटापर्यंत मोजत सुटतो.

आता अॅड्रेसच्या लाइनी ऐका. ३० ते ४० हे ए-शून्य ते ए-दहा, आणि १ ते ५ हे ए-अकरा ते ए-पंधरा. प्रत्येक पुढची लाइन मागच्या लाइनीच्या निम्म्या वेगाने बदलते. शेवटची ए-पंधरा पॅक-मॅनच्या क्लॉकवर सेकंदाला अकरा-बारा वेळाच, प्रोबचा दिवा फडफडताना डोळ्यांना दिसतो. झेड-८० मध्येच रिफ्रेशचे (एका जातीची रॅम ताजी ठेवण्याचे) पत्तेही बाहेर काढतो, म्हणून स्कोपवर ही लहर तुकड्या-तुकड्यांची दिसेल; तो बिघाड नव्हे. एखादी लाइन स्तब्ध दिसली तर तिच्यावरचा बफर किंवा शॉर्ट बघा. दोन लाइनी अगदी एकसारख्या हलल्या तर त्या एकमेकांना चिकटल्या आहेत. अशी जोडी मला एकदा बेसखाली अडकलेल्या केसाएवढ्या सोल्डरच्या तारेमुळे सापडली होती.

पाचवी पायरी: रॉम

रॉम बेसमध्ये असतील तर काढा, प्रोग्रामरने वाचा, आणि मेमच्या माहितीतल्या सीआरसी आकड्याशी (रॉममधल्या सगळ्या डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून बघा. जुळले तर रॉम चांगली. नाही जुळले तर पाय पुन्हा साफ करून परत वाचा. दोन वेळा वाचून दोन वेगवेगळे आकडे आले तर चिप नाही, संपर्क खराब आहे. प्रत्येक वेळी तोच चुकीचा आकडा येत असेल तर चिप गेली, किंवा तुमच्याकडे खेळाची वेगळी आवृत्ती आहे. त्या काळात नकली आणि बदललेल्या आवृत्त्या अमाप होत्या, तेव्हा निकाल देण्याआधी इतर आवृत्त्यांचे आकडेही बघा.

नवी रॉम भरताना एक खड्डा आहे. २५३२ आणि २७३२ या दोन्ही चार किलोबाइटच्या, दोन्हींना २४ पाय, पण काही पायांचे काम वेगळे. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. बोर्डाला कोणती लागते ते डायग्रामवर बघा. दोन्हींच्या जुन्या प्रकारांना भरताना पंचवीस व्होल्ट लागतात, आणि बरेच स्वस्त प्रोग्रामर तेवढे देऊ शकत नाहीत. वाचायला मात्र अडचण नाही.

रंगांच्या छोट्या प्रॉम, म्हणजे ८२एस१२३ आणि ८२एस१२६, साध्या प्रोग्रामरने बहुधा वाचता येत नाहीत. त्या क्वचितच जातात. त्यांच्याकडे शेवटी वळा.

सहावी पायरी: पडदा वाचायला शिका

इथे सावकाश जा. मीटर जे तासाभरात सांगतो ते पडदा बऱ्याचदा लगेच सांगतो, पण त्यासाठी चित्र कुठल्या चिपांतून तयार होते ते डोक्यात स्पष्ट हवे.

पॅक-मॅनचा पडदा म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटी, २८ रुंद आणि ३६ उंच. चक्रव्यूह, ठिपके, अक्षरे, आकडे हे सगळे या चौकटींचे. प्रत्येक चौकटीत कोणती आकृती हा नंबर व्हिडिओ रॅममध्ये असतो, आणि तिचा रंग कलर रॅममध्ये. आकृत्यांचे नकाशे ५ई जागेवरच्या रॉममध्ये. पॅक-मॅन आणि भुते मात्र हलत्या आकृत्या, त्यांचे नकाशे ५एफ च्या रॉममध्ये.

आता हे उलटे वाचा. चक्रव्यूह स्वच्छ आणि भुते फाटकी असतील तर व्हिडिओ रॅमला हात लावू नका, ५एफ आणि त्याच्या पुढची वाट बघा. अक्षरे बरोबर पण चौकट-चौकट चुकीच्या रंगाची असतील तर कलर रॅम. प्रत्येक अक्षर नीट जागेवर पण आतून त्याच्यात उभ्या-आडव्या रेघा असतील तर आकृत्यांची रॉम किंवा तिचा डेटा. अक्षरे सुबक, स्वच्छ, पण भलतीच असतील तर आकृतीचा नंबर बदलतोय, म्हणजे व्हिडिओ रॅम किंवा तिच्यापासून रॉमपर्यंतची वाट. सगळे चित्र तिरके वाहत असेल तर सिंक (चित्राच्या ओळी जागेवर धरणारा सिग्नल), आणि बहुधा बोर्ड नाही तर तुमची वायर.

बोर्ड पहिल्यांदा चालू झाला की काही क्षण वेडीवाकडी चिन्हे, मग पांढऱ्या रेघांची जाळी आणि मग खेळ, हा नेहमीचा क्रम. हा बिघाड नाही. तसेच २५६ व्या पातळीवर उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या ढिगाने भरतो तोही बिघाड नाही. पातळी मोजणारा आकडा आठ बिटांचा आहे आणि तिथे तो ओलांडला जातो. चांगला बोर्ड यासाठी उघडून बसू नका.

रॅम २११४ जातीच्या सहा चिपांत वाटलेली आहे. एक चिप चार बिट सांभाळते, म्हणून दोन-दोनच्या तीन जोड्या: एक व्हिडिओसाठी, एक रंगासाठी, एक प्रोसेसरच्या कामासाठी. टेस्ट स्विच लावला की बोर्ड स्वतः मेमरी तपासतो आणि ठीक असेल तर ‘मेमरी ओके’ असे इंग्रजीत लिहितो.

तो ‘ए’ कुठून आला

आता सुरुवातीच्या बोर्डाकडे. पॅक-मॅनमध्ये मोकळ्या चौकटीचा नंबर सोळा-आधारी पद्धतीने ४०. अक्षरांचे नंबर आस्की या कॉम्प्युटरच्या प्रमाण अक्षर-तक्त्याप्रमाणेच: ‘ए’ ४१, ‘बी’ ४२ असे पुढे. मोकळ्या जागेत सगळीकडे ‘ए’ म्हणजे ४० च्या जागी ४१. शेवटचा एक बिट शून्य असायचा तो एक झाला.

तसे असेल तर सम नंबरचे प्रत्येक अक्षर पुढच्या अक्षरात बदलायला हवे आणि विषम नंबरचे जसेच्या तसे राहायला हवे. मी ‘हाय स्कोअर’ या इंग्रजी शब्दांकडे बघितले. ‘एच’ ४८, त्याच्या जागी ४९ चा ‘आय’. ‘आर’ ५२, त्याच्या जागी ५३ चा ‘एस’. बाकी ‘आय’, ‘जी’, ‘सी’, ‘ओ’, ‘ई’ सगळी विषम, सगळी ठीक. अंदाज तंतोतंत जुळला. बिट शून्य, कायम हाय.

पण कुठे? रॅम गेली असेल तर प्रोसेसर तिथे शून्य लिहून परत वाचेल तेव्हा त्याला एक मिळेल, आणि तपासणीत रॅम नापास होईल. मी टेस्ट स्विच लावला. पडद्यावर ‘मेमरी ओके’ आले, फक्त ‘मेमरी’तल्या ‘आर’च्या जागी ‘एस’ आणि दोन शब्दांमध्ये ‘ए’. म्हणजे प्रोसेसरला रॅम निर्दोष दिसत होती, बोर्ड आनंदाने ओके म्हणत होता, आणि तेच ओके चुकीच्या अक्षरात लिहीत होता. बिघाड रॅमच्या पुढे होता, रॅम आणि आकृत्यांच्या रॉमच्या मधल्या वाटेवर. आधीच्या दोन चिपा विनाकारण बदलल्या गेल्या होत्या.

डायग्रामवर ती लाइन बोटाने धरली. रॅमच्या डेटा पायावर प्रोब: पल्स. पुढच्या ७४ मालिकेतल्या चिपेच्या इनपुटवर: पल्स. तिच्याच आउटपुटवर: कायम हाय.

इथे थांबून एक प्रश्न विचारायचा असतो, आणि अनेक जण तो विचारत नाहीत. आउटपुट खरेच मेला आहे, की पुढच्या चिपेचे इनपुट आतून पाच व्होल्टला चिकटून त्याला धरून बसले आहे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. मी बारीक कटरने आउटपुटचा तो एकच पाय बोर्डाजवळ कापला, थोडा वर उचलला आणि पायावरच प्रोब लावला. अजूनही हाय. म्हणजे चिपच मेली. तो पाय मोकळा झाल्यावर पल्स देऊ लागला असता, तर ही चिप निर्दोष आणि पुढची दोषी ठरली असती. कापलेला पाय सोल्डरच्या थेंबाने परत जोडता येतो, म्हणून ही परीक्षा स्वस्त आहे.

चांगली चिप वर बसवून बघण्याची म्हणजे पिगीबॅकची युक्ती इथे चालत नाही. ती तेव्हाच उपयोगी, जेव्हा खालच्या चिपेचे आउटपुट मोकळे, तरंगत असेल. अशा पायावर साधारण दीड व्होल्ट दिसतात, ना हाय ना लो. कायम हाय किंवा लो धरून बसलेल्या आउटपुटशी वरची चिप भांडते आणि काहीच सिद्ध होत नाही. रॅमच्या शंकेसाठी मात्र पिगीबॅक करून बघायला हरकत नाही.

सातवी पायरी: चिप काढणे

चिप मेली आहे हे सिद्ध झाले, मग ती वाचवण्याचा मोह सोडा. वाचवायचा बोर्ड आहे. सगळे पाय चिपेच्या अंगाजवळ कापा, अंग उचलून टाका, मग एकेक पाय वरून चिमट्याने धरून खालून उष्णता देत अलगद काढा. ओढू नका, सोल्डर पूर्ण वितळला की पाय स्वतःहून येतो. ग्राउंडचा पाय नेहमी हट्टी असतो, कारण मोठा ताम्रपट उष्णता पिऊन घेतो. तिथे थोडा ताजा सोल्डर आणि फ्लक्स घाला, त्याने तो लवकर वितळतो.

भोके पंपाने साफ करा. भोकाच्या आतली धातूची नळी शाबूत आहे का ते भिंगातून बघा आणि वरच्या व खालच्या ट्रॅकची कंटिन्युइटी बझरवर ऐका. मग गोल पायांचा चांगला बेस बसवा, आणि चिप बेसमध्ये. पुढे कधी पुन्हा शंका आली तर सोल्डरिंग आयर्नची गरज पडणार नाही. बेस बसवल्यावर शेजारचे दोन-दोन पाय एकमेकांना लागलेले नाहीत ना, तेही बझरवर तपासा.

नवी चिप टाकल्यावर तो बोर्ड चालू केला. जाळी आली, गेली, आणि पडदा काळा झाला, जसा असायला हवा तसा. ‘मेमरी ओके’मध्ये ‘आर’ परत आला होता.

चालू झाला, पण अजून सोडू नका

बोर्ड चार-पाच तास सलग चालू ठेवा. उकाड्यात एकदा आणि पंख्याखाली एकदा. गरम झाल्यावरच येणारा बिघाड असेल तर तो याच वेळात दिसतो. तो आला की शंका असलेल्या भागावर केस वाळवण्याच्या यंत्राने हलकी गरम हवा द्या, मग एकेका चिपेवर थंड करणारा स्प्रे मारा. ज्या चिपेवर चित्र सावरते तिचा पाय प्रोबने तपासा. चिपांना बोट लावूनही बघा. बाकी कोमट असताना एखादी बोट ठेवू देत नसेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. प्रोसेसर थोडा गरम असतोच.

आवाज, दोन्ही खेळाडूंची कंट्रोल, नाण्याचा स्विच आणि डिप स्विच (खेळाच्या सेटिंगचे बोर्डावरचे छोटे स्विच), सगळे टेस्ट मोडमध्ये तपासून घ्या. दुरुस्तीच्या आनंदात हे राहून जाते आणि बोर्ड दोन दिवसांत परत येतो.

शेवटी एका कागदावर तारीख, बदललेल्या चिपेची जागा व नंबर, जोडलेला ट्रॅक, मोजलेले व्होल्टेज आणि काढलेले फोटो कुठे ठेवले ते लिहा, आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत, बोर्डाजवळ, टेपने चिकटवा. त्या पॅक-मॅनच्या कॅबिनेटमध्ये मी लिहिलेला कागद आहे, त्यावर आधी विनाकारण बदललेल्या दोन रॅमच्या जागाही नोंदवल्या आहेत. पुढे जो कुणी तो उघडेल त्याने तिथले सोल्डरिंग सगळ्यात आधी बघावे म्हणून.